समजून घेणें आणि जवळ करणें

एकाकी आणि गैरसमजाला बळी पडलेलीं पात्रें वाचकांना विशेष प्रिय असतात. जगानें ज्याला झिडकारलें त्याला आपण ओळखलें, या जाणिवेंत एक प्रकारचें सुख असतें. आणि तें सुख कादंबरीखेरीज इतरत्र इतक्या स्वस्तांत मिळत नाहीं. अशा पात्रांविषयीं बोलतांना आम्हां शिक्षक मंडळींच्या तोंडीं एक ठराविक वाक्य असतें: "याला कोणी समजून घेतलें असतें, तर ही शोकांतिका टळली असती." कांहीं वर्षांपूर्वीं मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' ही कादंबरी शिकवितांना आम्हींही तें उच्चारलें. तेव्हां मागच्या बाकावरून एका विद्यार्थ्यानें नम्रपणें विचारलें, "पण सर, व्हिक्टरनें तर त्याचें सगळें ऐकून घेतलें होतें. मग पुढें काय झालें?" तितक्यांत घंटा झाली आणि आमची सुटका झाली. त्या प्रश्नाचें उत्तर देण्याचा हा उशीरा केलेला प्रयत्न आहे.

ही कादंबरी 1818 सालीं लेखिकेच्या नांवाशिवाय प्रसिद्ध झाली. मेरी शेलीचें वय तेव्हां अवघें 20 वर्षांचें होतें. फ्रँकेन्स्टाइन हें त्या राक्षसाचें नांव, असा समज सर्वत्र रूढ आहे. वस्तुतः तें त्याला घडविणाऱ्या तरुण शास्त्रज्ञाचें, व्हिक्टरचें, आडनांव. त्या बिचाऱ्या प्राण्याला नांवच नाहीं. 1931 सालच्या प्रसिद्ध चित्रपटानें तर त्याची वाचाही काढून घेतली. मूळ पुस्तकांत मात्र त्याच्याइतकें समर्थपणें बोलणारें दुसरें पात्र नाहीं. जन्मतःच निर्मात्यानें टाकून दिलेला हा जीव एका झोंपडीला लागून असलेल्या खोपट्यांत लपून राहतो. शेजारचें कुटुंब एका परदेशी तरुणीला भाषा शिकवीत असतें, ती तो फटींतून ऐकून शिकतो. मिल्टनचें महाकाव्य व प्लूटार्कचीं चरित्रें वाचतो. रात्रीं गुपचूप त्या कुटुंबासाठीं सरपण आणून ठेवतो. शेवटीं धीर करून तो घरांतल्या अंध वृद्धापुढें आपलें मन उघडें करतो. वृद्ध ममतेनें ऐकतो. पण तेवढ्यांत डोळस मंडळी घरीं येतात आणि काठीचे तडाखे बसतात.

येथपर्यंत आमचें ठराविक वाक्य लागू पडतें. रूप आड आलें, म्हणून अंतरंग कोणाला दिसलें नाहीं. परंतु कथेचा खरा कणा याच्या पुढें आहे. आल्प्स पर्वतांतील हिमनदीच्या कांठीं तो प्राणी आपल्या निर्मात्याला गांठतो आणि आपली सारी हकीकत सांगतो. या निवेदनाला लेखिकेनें सहा प्रकरणें दिलीं असून तीं पुस्तकाच्या अगदीं मध्यभागीं ठेविलीं आहेत. तोंवर त्यानें व्हिक्टरच्या लहान भावाचा खून केलेला आहे. तोही तो लपवीत नाहीं. व्हिक्टर तें ऐकतो, हेलावतो, त्याच्या मागणींत न्याय आहे असें त्याला वाटतें, आणि त्याच्यासाठीं एक सहचरी घडविण्याचें तो वचन देतो. पुढें स्कॉटलंडच्या उत्तरेकडील एका ओसाड बेटावर, अर्धवट घडलेली ती मूर्ति तो त्या प्राण्याच्या डोळ्यांदेखत फाडून टाकतो. त्यानंतर मित्राचा वध होतो, नववधूचा वध होतो, सर्वनाश होतो.

तेव्हां विद्यार्थ्याचा प्रश्न अचूक होता. या प्राण्याला जितकें समजून घेण्यांत आलें, तितकें फारच थोड्या पात्रांच्या नशिबीं येतें. उणीव समजुतीची नव्हती. ऐकून घेणाऱ्यानें आपली कथा ऐकल्यावर "आतां तूं येथें राहा" असें म्हणावें, एवढीच त्याची अपेक्षा होती; आणि तेवढेंच कोणी म्हटलें नाहीं. वचन देऊन व्हिक्टरनें त्याला दूर पाठविण्याची व्यवस्था केली, जवळ करण्याची नव्हे.

याच्या शेजारीं जॉर्ज इलियटची 1861 सालची 'सायलस मार्नर' ठेवून पाहावी. सायलस हा विणकर. ज्या धर्ममंडळांत तो वाढला तेथील पैसे चोरल्याचा आळ त्याच्या जिवलग मित्रानेंच त्याच्यावर आणला. चिठ्ठ्या टाकून देवाचा कौल घेण्यांत आला आणि कौलही त्याच्या विरुद्ध गेला. वाग्दत्त वधू त्या मित्राच्याच घरीं गेली. सायलस रॅव्हेलो नांवाच्या खेड्यांत येऊन 15 वर्षें माग चालवितो आणि मोहरा सांठवितो. एकदां एका आजारी बाईला तो झाडपाल्याचें औषध देतो. तिला गुण येतो. मग गांव त्याच्याकडे मंत्र-ताईत मागावयास लोटतो. तो खोटें बोलूं इच्छीत नाहीं, म्हणून नकार देतो. आणि त्या प्रामाणिकपणामुळेंच लोक त्याला अधिक दुष्ट समजूं लागतात. पाणी आणण्याचें त्याचें 12 वर्षांचें मातीचें भांडें फुटतें, तेव्हां तो त्याचे तुकडे जुळवून तें पुन्हां जागच्या जागीं उभें करून ठेवतो. त्याला दुसरा सोबतीच नव्हता.

पुढची कथा वाचकांस ठाऊक असेल. मोहरा चोरीस जातात, आणि एका रात्रीं चुलीपाशीं सोनेरी केसांचें एक अनाथ मूल येऊन निजतें. त्या मुलीला न्हाऊं-जेवूं घालावयाचें कसें, हें विचारण्यासाठीं सायलसला शेजारच्या डॉलीकडे जावें लागतें. मुलीला घेऊन गांवांत हिंडावें लागतें. येथें ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही, कीं त्याची पूर्वकथा गांवानें कधीं तपासली नाहीं. डॉलीला त्यानें ती सांगितली, पण मूल घरांत आल्यानंतर आणि हळूहळू. शेवटीं आपल्यावरील आळाचा उलगडा करून घेण्यासाठीं तो जुन्या गांवीं जातो, तों तेथें प्रार्थनामंदिरही नाहीं आणि माणसेंही नाहींत. त्या जागीं एक मोठा कारखाना उभा आहे. त्याच्याविषयींचा मूळ गैरसमज अखेरपर्यंत दूर झालाच नाहीं. तरीही त्याचें एकाकीपण केव्हांच संपलें होतें.

सायलसच्या कथेंत परीकथेचा अंश आहे, सोनें जातांच सोनेरी केसांचें मूल यावें हा योगायोग फारच सोयीचा आहे, असा आक्षेप कोणी घेईल. तो आम्हांस मान्य आहे. शिवाय सायलस विचित्र दिसत असला तरी भयंकर नव्हता, हाही भेद लहान नव्हे. परंतु योगायोगानें फक्त मूल आणून दिलें. तें वाढविण्याचें काम योगायोगानें झालें नाहीं. डॉली रविवारीं खाऊ घेऊन त्याच्या दाराशीं गेली ती मूल येण्यापूर्वींच, आणि त्याच्याविषयीं कांहीं विशेष न समजतांच गेली.

आपल्याकडे हा भेद हरिभाऊ आपट्यांनीं फार पूर्वीं ओळखला होता. 'करमणूक' पत्रांत 1890 पासून क्रमशः आलेल्या 'पण लक्षांत कोण घेतो!' या कादंबरींतील यमू भरल्या घरांत एकटी आहे. पति होता तोंवर तिला एक सोबती होता. तो गेल्यावर तिचें केशवपन करणाऱ्या माणसांना तिचें दुःख कळत नव्हतें असें कोण म्हणेल? तें कळूनही कोणी हात धरला नाहीं. मराठींत 'लक्षांत येणें' निराळें आणि 'लक्षांत घेणें' निराळें. पहिलें आपोआप घडतें. दुसऱ्यासाठीं कांहीं करावें लागतें. हरिभाऊंनीं शीर्षकांत दुसरा शब्दप्रयोग योजिला, यांतच सारें आलें.

म्हणून यापुढें तें ठराविक वाक्य आम्ही वर्गांत उच्चारणार नाहीं. तें वाचकाला फार सुखाची जागा देतें. पुस्तक मिटतांना आपण त्या अभाग्या प्राण्याला पूर्णपणें समजून घेतलेलें असतें. पण तें तर व्हिक्टरनेंही केलें होतें. प्रश्न विचारणारा तो विद्यार्थी पुढें वर्षभर मागच्या बाकावर एकटाच बसत असे. तो हुशार आहे हें आमच्या लक्षांत आलें होतें. एकदां त्याला घरीं बोलवावें असेंही मनांत आलें होतें. वर्ष संपलें आणि तो निघून गेला.