'औषध', विष आणि विज्ञानगद्य

विज्ञानविषयक लेखनाचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने सुबोधतेच्या अंगाने होत आला आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली 'दिग्दर्शन' मासिक सुरू केले, तेव्हापासून शास्त्रीय ज्ञान मराठीत आणणे आणि त्यासाठी परिभाषा घडविणे हे या लेखनाचे मुख्य प्रयोजन राहिले. ते आवश्यकच होते. परंतु विज्ञानाचे समाजावरील परिणाम हाच लेखनाचा विषय होतो, तेव्हा सुबोधतेचा निकष अपुरा पडतो. कथनाचा आणि नामकरणाचा प्रश्न उभा राहतो. या दृष्टीने रेचल कार्सन यांचे 'सायलेंट स्प्रिंग' (१९६२) पुन्हा वाचण्याजोगे आहे.

कार्सन सागरी जीवशास्त्राच्या अभ्यासक. पुस्तकाच्या अखेरीस त्यांनी पन्नासहून अधिक पानांची संदर्भसूची दिली आहे. पहिले प्रकरण मात्र एका कल्पित गावाची कहाणी सांगते. या आपत्ती एकाच गावावर कोसळलेल्या नाहीत, पण त्यांतील प्रत्येक कोठे ना कोठे घडलेली आहे, असा खुलासाही त्या तेथेच करतात. मोन्सँटो कंपनीने त्याच वर्षी कीटकनाशकांविना उजाड झालेल्या देशाचे कल्पित चित्र छापून या पुस्तकाला उत्तर दिले. कथारूपाचे सामर्थ्य प्रतिपक्षानेही ओळखले होते, असा याचा अर्थ.

तथापि पुस्तकाचे बळ या रूपककथेपेक्षा क्लिअर लेकच्या वृत्तांतात अधिक आहे. कॅलिफोर्नियातील या सरोवरावरील चिलटे चावत नसत, केवळ उपद्रव देत. त्यांच्या नाशासाठी १९४९ साली सात कोटी भाग पाण्यात एक भाग या प्रमाणात डी.डी.डी. मिसळण्यात आले, पुढे आणखी दोनदा, थोड्या अधिक प्रमाणात. नंतर तपासणी झाली तेव्हा प्लवकांत ते दशलक्षात सुमारे ५ भाग आढळले, तर टिबुकलीच्या कुळातील पाणपक्ष्यांच्या चरबीत १६०० भाग. येथे विशेषणांची गरजच उरत नाही. प्रत्येक आकडा कथेची एक पायरी आहे. कार्यकारणाची साखळी हेच कथानक आहे. आणि मासे खाणारा वाचक त्या साखळीतील पुढचा दुवा आहे.

पुस्तकाची मर्यादाही नोंदविली पाहिजे. डासांत निर्माण होणाऱ्या प्रतिकारशक्तीची चर्चा कार्सन विस्ताराने करतात, डी.डी.टी.मुळे हिवताप आटोक्यात आल्याचे श्रेय मात्र त्या मानाने ओझरते येते. भारतात १९५३ साली सुरू झालेला राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम याच रसायनावर आधारलेला होता. भारतीय वाचकाला हा तोल जाणवल्याखेरीज राहत नाही.

कीटकनाशकांना 'जीवनाशके' म्हणावे, ही कार्सन यांची सूचना मराठीच्या संदर्भात अधिकच अर्थपूर्ण ठरते. आपला शेतकरी पिकावर 'औषध' मारतो. रोग आणि उपचार यांचे संपूर्ण रूपक या एका शब्दात दडलेले आहे, आणि त्यात फवारणाऱ्याच्या शरीराला स्थान नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या घटनेवर लिहिणाऱ्याला रसायनाचे सूत्र समजावून सांगणे पुरेसे नाही. 'औषध' हा शब्द कोणाच्या सोयीचा आहे, फवारणीचा पंप कोणाच्या पाठीवर आहे आणि डब्यावरील सूचना त्याला वाचता येते काय, हेही त्याने सांगितले पाहिजे. मराठी समीक्षेने विज्ञानकथेची दखल घेतली. या गद्याकडेही तिने त्याच गांभीर्याने पाहावयास हवे.