अवतार, अमृत आणि पाण्याचे दृश्य

जेम्स कॅमेरॉनचा 'अवतार : द वे ऑफ वॉटर' (२०२२) पहिल्या चित्रपटानंतर तेरा वर्षांनी आला. त्यातील पाणी थक्क करते. कथानक मात्र मुलांचे पकडले जाणे आणि सुटणे यांच्या पुनरावृत्तीवरच चालते. मृत क्वारिच नव्या देहात परततो, स्वतःचीच मानवी कवटी हातात घेऊन चिरडतो. 'अवतार' या संज्ञेचा सारा अर्थगर्भ या क्षणात सामावलेला आहे. पण देहान्तराचा हा प्रश्न पाठलागाच्या गदारोळात विरून जातो.

अपवाद टुल्कुनच्या शिकारीचा. वार्धक्य थांबविणारा द्रव, ज्याला चित्रपट 'अमृता' म्हणतो, त्या प्रचंड जलचराच्या मेंदूतून उपसला जातो आणि उरलेला देह टाकून दिला जातो. समुद्रमंथनाची कथा ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला येथे हलाहल वेगळे दाखवावे लागत नाही. या प्रसंगात दृश्य हाच आशय होतो.

दामले-फत्तेलाल यांच्या 'संत तुकाराम'मधील (१९३६) वैकुंठाचे विमान हीही चमत्कृतीच. परंतु प्रपंचात मागे राहिलेल्या जिजाईमुळे ते उड्डाण वियोगाचे होते, आणि आजच्या नजरेला जाणवणारा यंत्राचा भाबडेपणा त्याआड येत नाही. नेटेयाम मरतो तेव्हा त्याच्या आईच्या शोकाला उसंत मिळण्यापूर्वीच बुडत्या जहाजातील थरार सुरू झालेला असतो.