विरळ हवा आणि वजाबाकी

बेसबॉलच्या मैदानात कुंपण किती दूर असावे, भिंत किती उंच असावी, हे सर्वत्र सारखे नसते. त्यात अमेरिकेतील डेन्व्हरचे कूर्स फील्ड (१९९५) समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर. तेथे हवेची घनता जवळजवळ एक-पंचमांशाने कमी असते. प्रतिरोध घटल्याने फटकावलेला चेंडू लांब जातो, आणि फिरत येणारा चेंडू हवेत कमी वळतो. फलंदाजाचा दुहेरी फायदा! डेन्व्हरच्या दान्ते बिशेटने १९९५ मध्ये ४० होम रन काढले. त्यांतले ३१ घरच्या मैदानावर.

यावर अनेक समीक्षक सोपा उपाय सुचवतात : घरचे आकडे पुसून टाका, परगावचे तेवढे खरे माना. वरवर शास्त्रीय वाटणारी ही रीत आम्हाला सदोष वाटते. प्रयोगात एकच घटक बदलायचा, बाकीचे स्थिर ठेवायचे, हे आपण आठवीच्या वर्गात सांगतो. इथे तसे होत नाही. डोंगर असो वा नसो, बहुतेक फलंदाज आपल्या मैदानावर थोडे बरेच खेळतात. मग एकाचे फक्त परगावचे आकडे घेऊन इतरांच्या एकूण आकड्यांशी ताडणे म्हणजे एकाची उंची अनवाणी आणि दुसऱ्याची बूट घालून मोजणे. शिवाय कमी वळणाऱ्या चेंडूला सरावलेली नजर सखल प्रदेशात फसू शकते. १९९६ मध्ये डेन्व्हरच्या संघाची फलंदाजीची सरासरी घरी ०.३४३ होती, म्हणजे हजार संधींमागे ३४३ यशस्वी फटके, परगावी ०.२२८. ही सारी दरी विरळ हवेची, की तिचा काही भाग खाली उतरल्यावर बसणाऱ्या धक्क्याचा? नुसत्या वजाबाकीतून हे कळत नाही.

घरच्या सामन्यांतील दोन्ही संघांच्या धावांना परगावच्या सामन्यांतील धावांनी भागून ‘मैदान-गुणक’ काढतात. ती रीत बरी. पण एकच गुणक सर्व फलंदाजांना लावला की घोटाळा होतो. बोस्टनच्या फेनवे पार्कमध्ये डावीकडची भिंत सुमारे ११ मीटर उंच आहे. ती डावऱ्या आणि उजव्या फलंदाजाला सारखी कशी लागू पडेल?

याची झळ लॅरी वॉकरला बसली. डेन्व्हरकडून खेळताना १९९७ मध्ये त्याने ४९ होम रन काढले, त्यांतले २९ परगावी. तरी विरळ हवेचा शिक्का पुसला गेला नाही. दुखापतींनी हुकलेले सामनेही आड आलेच म्हणा. हॉल ऑफ फेममध्ये तो २०२० साली निवडला गेला, मतपत्रिकेवरच्या दहाव्या आणि शेवटच्या वर्षी.

वर्गात बिशेटचे ३१ आणि ९, वॉकरचे २० आणि २९ फळ्यावर लिहावेत आणि मुलांना विचारावे : घरचे मैदान दोघांचे एकच होते, मग हे असे का?