‘एनोला गे’ : विमान, मोजमापे आणि फलक

विद्यार्थ्यांना वस्तुसंग्रहालयात नेले की बहुतेक जण वस्तूकडे ओझरते पाहतात आणि तिच्याजवळचा फलक वहीत उतरवून घेतात. तोच मजकूर पुढे ‘माहिती’ म्हणून वर्गात येतो. म्हणूनच पाठ्यपुस्तकाचे परीक्षण होते तसे फलकाचेही व्हायला हवे. अशाच एका फलकाचा येथे विचार करू.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विमान व अवकाश संग्रहालयाचे एक भव्य दालन वॉशिंग्टनजवळ डलेस विमानतळालगत आहे. ते डिसेंबर २००३ मध्ये खुले झाले. तेथील जुन्या लष्करी विमानांमध्ये बी-२९ जातीचे एक चकचकीत विमान आहे. त्याचे नाव ‘एनोला गे’. वैमानिक पॉल टिबेट्स यांनी आपल्या आईचे नाव त्याला दिले होते. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता याच विमानाने हिरोशिमावर अणुबाँब टाकला.

संग्रहालयाने हे विमान ज्या निष्ठेने जपले, तिचे कौतुक केलेच पाहिजे. युद्धानंतर ते कित्येक वर्षे उघड्यावर पडून होते. पुढे त्याचे भाग सुटे करून ठेवण्यात आले. १९८४ मध्ये दुरुस्ती सुरू झाली आणि त्या कामावर एकूण सुमारे तीन लाख तास खर्च झाले. यंत्राच्या बाबतीत इतका काटेकोरपणा क्वचितच पाहायला मिळतो.

आता फलकाकडे वळू. २००३ मध्ये लावलेल्या फलकाचा आशय असा : बी-२९ हे दुसऱ्या महायुद्धातील पंख्यांवर चालणारे सर्वांत प्रगत बाँबफेकी विमान होते. कर्मचाऱ्यांसाठी हवेचा दाब राखणारे कक्ष असलेले हे पहिलेच बाँबफेकी विमान. पॅसिफिकच्या युद्धात या जातीच्या विमानांनी साधे बाँब, आगलावे बाँब, सुरुंग आणि दोन अणुबाँब टाकले. यांपैकी ‘एनोला गे’ने हिरोशिमावर पहिला अणुबाँब टाकला. तीन दिवसांनी नागासाकीवर दुसऱ्या एका बी-२९ने बाँब टाकला, त्या दिवशी ‘एनोला गे’ हवामानाची पाहणी करीत होते.

यातील एकही विधान चूक नाही. तरीही हा फलक अपुरा आहे, असे माझे मत आहे. तो वाचून विमानाचे वैशिष्ट्य कळते, त्याने काय टाकले हे कळते. पण खाली काय झाले, हे कळत नाही. १९४५ अखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १,४०,००० माणसे मेली, असा त्या शहराचा अंदाज आहे आणि त्यात दहा हजार कमी-अधिक होऊ शकतात, हेही त्यासोबत सांगितले जाते. फलकावर हा आकडा नाही. २००३ मध्ये अनेक अभ्यासकांनी याला जाहीर आक्षेप घेतला. संग्रहालयाचे उत्तर असे, की इतर विमानांच्या फलकांवरही मृतांचे आकडे नसतात, हे तंत्रज्ञानाचे संग्रहालय आहे.

हे उत्तर सहज उडवून लावण्यासारखे नाही. सर्वांना एकच नियम लावणे न्याय्य वाटते. पण नियम कोणता निवडला, हाही प्रश्न आहेच. पंखांची लांबी ४३ मीटर ही जशी मोजलेली गोष्ट आहे, तशीच बाँबची परिणामकारकताही मोजलेली आहे. एक मोजमाप ‘तांत्रिक’ आणि दुसरे ‘भावनिक’ असे म्हणता येत नाही. बाँबफेकी विमान हे यंत्र ज्या कामासाठी बनवले, त्या कामाचा परिणाम वगळला तर यंत्राचे वर्णनच अर्धवट राहते.

या मौनाला पूर्वेतिहास आहे. बाँबहल्ल्याच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त, १९९५ मध्ये, संग्रहालयाने विमानाच्या पुढच्या भागासोबत हिरोशिमातील वस्तू मांडायचे ठरवले होते. त्यांत एका शाळकरी मुलीचा जेवणाचा डबा होता. त्यातला भात आणि वाटाणे कोळसा झालेले होते. माजी सैनिकांच्या संघटनांनी तीव्र विरोध केला. जपानी सैन्याच्या अत्याचारांना पहिल्या मसुद्यात पुरेशी जागा नाही, ही त्यांची टीका निराधार नव्हती. मसुदा पुन्हा पुन्हा बदलण्यात आला.

अखेरची ठिणगी पडली ती एका आकड्यावरून. जपानवर स्वारी करावी लागली असती तर किती अमेरिकी सैनिक मृत वा जखमी झाले असते? मसुद्यातला दोन लाखांहून मोठा अंदाज संचालक मार्टिन हारविट यांनी नव्या संशोधनाच्या आधारे सुमारे ६३,००० वर आणला. हारविट मूळचे खगोलभौतिकीचे शास्त्रज्ञ. पुराव्यानुसार अंदाज बदलणे ही त्यांच्या दृष्टीने रीतच होती. विरोधकांना मात्र तो सैनिकांचा अपमान वाटला. जानेवारी १९९५ मध्ये प्रदर्शन रद्द झाले आणि मे महिन्यात हारविट यांनी राजीनामा दिला. जूनमध्ये विमानाचा पुढचा भाग मोजक्या मजकुरासह मांडला गेला. डबा आला नाही.

वर्गात या विमानाबद्दल शिकवताना एक उदाहरण अवश्य घ्यावे. बाँब सुमारे ९,५०० मीटर उंचीवरून सोडला गेला आणि जमिनीपासून सुमारे ५८० मीटरवर फुटला. हवेचा विरोध सोडून देऊन मुक्तपतनाचे सूत्र लावले तर ८,९०० मीटर पडायला साधारण ४३ सेकंद लागतात. प्रत्यक्षातही जवळजवळ तेवढाच वेळ लागला. नववीचा विद्यार्थी हे गणित सोडवू शकतो. उत्तर आले की एखादी मुलगी नक्की विचारील, “सर, मग काय झालं?” फलक जिथे थांबतो, तिथेच शिक्षकाला पुढे जावे लागते.

यासाठी अमेरिकेला जाण्याची गरज नाही. गोव्यात बोगमाळोजवळ नौदलाचे विमानसंग्रहालय १९९८ मध्ये सुरू झाले आणि आपल्या अनेक शाळांच्या सहली गोव्याला जातात. १९७१ च्या युद्धात ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेवरून सी हॉक आणि अलिझे जातींची विमाने उडाली होती. या जातींची विमाने तेथे पाहता येतात. अशा विमानासमोर उभे असताना विद्यार्थ्यांना तीन प्रश्न वहीत लिहायला सांगावेत : हे यंत्र कसे चालते? ते कोणत्या कामासाठी बनवले? त्या कामाचा परिणाम कोणावर झाला? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुधा फलकावर मिळतील. तिसऱ्याचे उत्तर शाळेत परतल्यावर, ग्रंथालयात बसून सर्वांनी मिळून शोधावे.