‘व्यवस्थापक’ : एक अर्थसंकर
मृताच्या मिळकतीचा कारभार पाहणाऱ्यास मराठीत पुष्कळदा सरसकट ‘व्यवस्थापक’ म्हटले जाते. ही सोय सदोष होय. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २२२ अन्वये प्रोबेट केवळ मृत्युपत्राने, स्पष्टपणे वा गर्भितार्थाने, नेमलेल्यासच मिळते. मृत्युपत्रच नसेल तर न्यायालय प्रशासनपत्र देते. पहिल्याचा अधिकार मृताच्या शब्दांतून उद्भवतो, न्यायालय तो प्रमाणित करते. दुसऱ्याचा अधिकार न्यायालयच निर्माण करते. दोहोंस एकच संज्ञा लावल्याने मृताने विश्वास कोणावर टाकला होता, हेच पुसले जाते. म्हणून ‘निष्पादक’ व ‘प्रशासक’ हा भेद पाळणे अवश्य आहे. कलम ७४ मृत्युपत्रकर्त्याकडून पारिभाषिक शब्दांची अपेक्षा करीत नाही. परिभाषाकारास मात्र ती सवलत नाही.