किफायतशीर, पण कशापेक्षा? मनोविकारांवरील औषधांच्या आर्थिक मूल्यमापनातील चार शब्द

आज आम्ही चार शब्दांची झडती घेणार आहोत. मनोविकारांवरच्या औषधांचं आर्थिक मूल्यमापन बहुधा इंग्रजीत होतं. निष्कर्ष मराठीत येताना अर्थ निसटतो. दवाखान्यात कोणते उपचार ठेवायचे, या वादात असेच निष्कर्ष पुढे केले जातात. म्हणून ही नुसती शब्दांची कीस काढणं नव्हे.

पहिला शब्द ‘कॉस्ट-इफेक्टिव्ह’. आपण म्हणतो ‘किफायतशीर’, आणि ऐकणारा समजतो ‘स्वस्त’. पण तर्कशास्त्राच्या दृष्टीने हा ‘अमक्यापेक्षा उंच’ अशा जातीचा शब्द आहे. तुलना काढली की तो लुळा पडतो. गोव्याचं उदाहरण घ्या. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. ४५० रुग्णांचे तीन गट: एकाला फ्लुओक्सेटिन, दुसऱ्याला मानसशास्त्रीय उपचार, तिसऱ्याला प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी. औषध प्लासिबोपेक्षा किफायतशीर ठरलं. मानसशास्त्रीय उपचार प्लासिबोहून सरस ठरला नाही. आता यावरून कुणी ‘औषध किफायतशीर, बोलणं फुकट’ असं सांगू लागला, तर तो अभ्यास सांगत नाही, स्वतःचं मत सांगतो.

कारण त्याच गोव्यात पुढे ‘मानस’ प्रकल्प झाला. प्रशिक्षण दिलेले, डॉक्टर नसलेले समुपदेशक प्राथमिक दवाखान्यांत बसत. गरजेप्रमाणे औषधही दिलं जाई. त्याचं आर्थिक विश्लेषण २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आलं. सरकारी केंद्रांबाबत निष्कर्ष होता ‘कॉस्ट-सेव्हिंग’: गुण जास्त आणि खर्चही कमी. किफायतशीर उपचार आधीपेक्षा महाग असू शकतो, खर्च वाचवणारा असू शकत नाही. दोन्हींना ‘किफायतशीर’ म्हटलं की हा फरकच पुसला जातो.

दुसरा शब्द ‘अप्रत्यक्ष खर्च’. पुस्तकात औषध, तपासणी, डॉक्टर हे प्रत्यक्ष. बुडालेलं काम अप्रत्यक्ष. आता कुपवाड एमआयडीसीतला कामगार बायकोला घेऊन मिरजेला दवाखान्यात जातो. त्या दिवशी खाडा पडतो, मजुरी कापली जाते. त्याच्या घरी याहून प्रत्यक्ष खर्च कोणता? सरळ ‘बुडालेली मजुरी’ म्हणावं. ‘अप्रत्यक्ष’ म्हटलेली रक्कम हिशेबातून गळाली तर कुणी विचारत नाही. ‘बुडालेली मजुरी’ गळाली तर लगेच दिसतं.

तिसरा शब्द ‘युटिलिटी’. मृत्यूला शून्य, पूर्ण आरोग्याला एक, आणि मधल्या स्थितींना लोकांच्या पसंतीनुसार अंक. मराठीत ‘उपयुक्तता’ लिहितात. मग ‘या रुग्णाची उपयुक्तता ०.६’ हे वाक्य कसं वाटतं? जणू माणूस साठ टक्के कामाचा! अंक त्या स्थितीचा आहे, माणसाचा नव्हे. आम्ही ‘पसंतीमूल्य’ सुचवतो.

चौथा शब्द सर्वांत जड: ‘बर्डन’. जागतिक बँकेच्या १९९३ च्या अहवालापासून आजारांचा ‘भार’ मोजायची रीत रूढ झाली. इंग्रजीत भार आजाराचा आहे, रुग्णावर आणि समाजावर पडलेला. पण मराठी कानाला ‘भुईला भार’ आधीच ठाऊक आहे. मनोरुग्णाच्या बाबतीत तो शब्द घरात उच्चारलाही जातो. अहवालात ‘मनोरुग्णांचा भार’ छापलं की शास्त्रानेच त्या टोमण्यावर शिक्का मारल्यासारखं होतं. ‘आजाराने हिरावलेली वर्षं’ म्हणा. मापन तेच राहतं, आणि हिरावलं कुणाचं हेही कळतं.

कुणी म्हणेल, परिभाषा तज्ज्ञांसाठी असते, तिला रोजचे अर्थ चिकटवू नयेत. तज्ज्ञ आपापसांत बोलतात तोवर हे मान्य. पण मूल्यमापन सार्वजनिक पैशाचं असेल, तर ऐकणारा नागरिक आहे. त्याला समजून नाही म्हणता आलं पाहिजे.

तेव्हा पुढच्या वेळी ‘अमुक गोळी किफायतशीर’ असं वाचलंत, तर तीन प्रश्न विचारा: कशापेक्षा? कशाने मोजलं? कुणाच्या खिशातून? उत्तर मिळेपर्यंत ते विधान अर्धंच समजा. आता तुमचे प्रश्न घेऊ.