पडद्यापुढचे प्रवासी

मराठी प्रवासवर्णनकाराची एक जुनी खोड आहे. आपण कोठे बसलो, शेजारी कोण आला आणि त्याने फडके सोडून काय पुढे केले, हे सांगितल्यावाचून त्याच्याने पुढे जाववत नाही. ही खोड मला प्रिय आहे. १८५७ च्या धामधुमीत सापडलेल्या गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' घ्या (तो छापून निघाला १९०७ साली), की पु. ल. देशपांड्यांची १९६० ची 'अपूर्वाई' घ्या. वाचून वर्षे लोटली की त्यांतली स्थळे पुसट होतात आणि माणसे तेवढी मागे राहतात. पण अलीकडे परदेशवारीवरचे जे लेखन माझ्या हाती येते, त्यात एका जागी माझे बोट नेमके अडते. मुलाने किंवा मुलीने या खेपेस बिझनेस क्लासचे तिकीट काढले होते आणि प्रवास मोठा सुखाचा झाला, अशा अर्थाचे एक वाक्य येते, आणि पुढच्याच परिच्छेदात लेखकमहाशय नायगाऱ्यापाशी उभे! मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जाणारे विमान पंधरा-सोळा तास हवेत असते. इगतपुरीच्या फलाटावरच्या वड्याला दीड पान देणारा हा गृहस्थ येथेच मुका का व्हावा?

संकोच हे एक कारण आहे खरे. हे तिकीट साध्या तिकिटाच्या तिप्पट-चौपट, कधी त्याहूनही अधिक पडते. आणि खर्च लपवण्याची कला आपल्या मध्यमवर्गाला उपजतच येते. 'मुलांनी ऐकलेच नाही' ही ढाल पुढे धरून आपण त्या दालनात शिरतो. (मीही असाच शिरलो.) पण पैशाचा संकोच लेखणीला एवढा जखडत नाही, बेरकी लेखक आपल्या संकोचावरही चार ओळी मिळवतो. माझे म्हणणे असे की, लिहिण्यासारखे काही घडूच नये अशीच त्या दालनाची घडण आहे. ती एक रचना आहे, मोठ्या बुद्धीने केलेली आहे, आणि एखाद्या नाटकाचे किंवा इमारतीचे करावे तसे तिचे परीक्षण व्हायला हवे.

आरंभी विमानात दर्जे असे फारसे नव्हतेच. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो-जिनीव्हामार्गे लंडनला गेले, तेव्हा विमानात बसायला मिळणे हाच दर्जा होता. मग १९५२ साली अटलांटिकवर 'टूरिस्ट' भाडे आले, १९५८ साली 'इकॉनॉमी' आली, आणि विमानाची आगगाडी झाली: पुढे पहिला वर्ग, मागे बाकीचे सगळे. सत्तरीच्या दशकात सवलतीच्या तिकिटांचा सुकाळ झाला, तेव्हा कंपनीच्या पैशाने पुरे भाडे भरणारा व्यापारी माणूस कुरकुरू लागला. त्याचे दुखणे ऐकण्यासारखे आहे. मी पुरे भाडे मोजले आणि निम्म्या भाड्यात आलेला सहलकरी माझ्याच मांडीला मांडी लावून बसला, हे ते दुखणे. १९७८-७९ च्या सुमारास पॅन ॲम, ब्रिटिश एअरवेज, क्वांटास अशा कंपन्यांनी त्याच्यासाठी वेगळा कप्पा काढला. प्रारंभी कित्येक विमानांत आसने जवळजवळ तीच होती. नवा होता तो पडदा. पूर्वी आगगाडीत पहिल्या-दुसऱ्या वर्गाच्या आणि तिसऱ्याच्या मध्ये 'इंटर' नावाचा वर्ग असे. पहिल्याचे भाडे परवडत नाही आणि तिसऱ्यात बसल्याचे कोणी पाहू नये, अशा माणसांची ती सोय होती. बिझनेस क्लास हा त्या इंटरचाच श्रीमंत नातू. इतर सुखे मागाहून आली. शेजारी हटवणे हे पहिले सुख.

यातले सगळ्यांत गाजलेले सुख म्हणजे आडवे होणे. इ. स. २००० मध्ये ब्रिटिश एअरवेजने बिझनेस क्लासात पूर्ण सपाट होणारी शय्या आणली, तेव्हा तिचे कौतुक एखाद्या शोधासारखे झाले. जळगाव-भुसावळच्या माणसाला याचे हसू येईल. काही शे रुपयांत रात्रीच्या गाडीने मुंबईस जाताना तो पिढ्यान्‌पिढ्या आडवाच जात आला आहे. डोक्याखाली पिशवी, पायाशी चपला, वरच्या बर्थवर कोणाचे तरी घोरणे. रेल्वेने एकावर एक तीन माणसे निजवली आणि झोप स्वस्त केली. विमान कंपन्यांनी एका झोपेला चार आसनांची जागा दिली आणि झोप महाग केली. २०२० साली न्यूझीलंडच्या विमान कंपनीने साध्या वर्गासाठी तीनमजली बर्थांचा आराखडा जाहीर केला, तेव्हा नव्या कल्पनेची वर्णने वाचून मला भुसावळ स्टेशन आठवले. सपाट झोप ही चैन आहे असे मी मुळीच म्हणत नाही. प्रश्न एवढाच की, तिच्याबरोबर माणसाभोवती भिंत का उभी करावी लागते. रेल्वेला तर लागली नाही.

भिंतीइतकीच मला खटकते ती दुसरी गोष्ट: या दालनात उड्डाण लपवलेले असते. जेवण झाले की दिवे निळसर होतात, खिडक्या मिटतात. ड्रीमलायनर जातीच्या विमानात तर खिडकीला झडपच नाही. काच बटनाने काळवंडते, आणि विमानातल्या सेवकांनी ठरवले तर साऱ्या काचा एकदम काळवंडतात. बाहेर सूर्य, खाली कोठला तरी समुद्र, आणि आत हॉटेलची मध्यरात्र. १९७१ साली एअर इंडियाची पहिली जंबो विमाने आली तेव्हा त्यांच्या खिडक्यांभोवती बाहेरून झरोक्यांची नक्षी रंगवलेली होती. त्या नक्षीत भपका होताच. पण खिडकी ही डोकावण्याची जागा आहे, एवढे तरी ती कबूल करत होती.

आमच्या जळगावाहून अजिंठा साठेक किलोमीटर. सतराव्या लेण्यात ढगांतून जाणारा इंद्र आणि त्याच्या अप्सरा आहेत. चित्रकाराने त्यांना पंख दिले नाहीत, वाहन दिले नाही. अप्सरेच्या गळ्यातल्या मोत्यांच्या सरी त्याने एका अंगाला झुकवल्या, आणि ती उडाली! वेग दाखवायला त्याला एवढेच लागले. ज्याला उडणे दाखवायचे आहे तो असे काही शोधतो. ज्याला ते झाकायचे आहे तो गादी शोधतो. दीड हजार वर्षांपूर्वी विमानात न बसलेल्या माणसाला उड्डाणाची जी जाणीव होती, ती आज अकरा हजार मीटरवर निजलेल्याला नाही, हा काही प्रवाशाचा दोष नव्हे. त्याला तशी जाणीव होऊ न देणे हेच त्याच्या तिकिटात अंतर्भूत आहे.

आता जेवणाकडे वळू. दिवाळी अंकात त्याला टाळून चालणार नाही. प्रथम हाती येते ते जाड कागदाचे भोजनपत्र, आणि त्याची भाषा पाहून शाळामास्तराचा जीव कासावीस होतो. एकही नाम विशेषणावाचून घराबाहेर पडत नाही. वरणसुद्धा मंद आचेवर, पारंपरिक पद्धतीने, निवडक मसाल्यांसह शिजलेले असते. आमच्याकडे वांग्याचे भरीत म्हणजे भरीत. काट्याकुट्यांवर भाजलेले आणि बडगीत कुटलेले, हे ज्याला ठाऊक नाही त्याला विशेषणांनी कळायचे नाही, आणि ठाऊक आहे त्याला त्यांची गरज नाही. पण स्वयंपाक्यावर अन्याय नको. विमानातली हवा तोरणमाळच्या जवळजवळ दुप्पट उंचीवरच्या हवेइतकी विरळ राखलेली असते आणि वाळवंटासारखी कोरडी असते. त्यात नाक कोरडे पडते, मीठ आणि गोड यांची चव जिभेला कमी लागते. म्हणून जमिनीवर बरे लागणारे तेथे पाणचट लागते आणि स्वयंपाकी मसाल्याचा हात सैल सोडतो. काळ्या मसाल्याच्या शेवभाजीला हे राज्य आंदण मिळायला हवे होते. ती भोजनपत्रात मला अजून दिसलेली नाही.

आणि वाढणे? ते मात्र मन लावून केलेले असते. पांढरे कापड, काचेचा पेला, नावाने हाक. बोलताना परिचारिका आसनापाशी खाली बसते, तिची नजर प्रवाशाच्या नजरेहून वर राहू नये अशी ती शिकवण. माझ्या पत्नीचे माहेर धुळ्याकडचे. तिच्यापाशी ती मुलगी अशी उकिडवी बसली, तेव्हा हिने तिच्या दंडाला धरून चक्क अहिराणीत म्हटले, "ऊठ व माय, तुना गुडघा दुखतीन." मुलगी मराठीसुद्धा जाणत नव्हती, पण हात कळला असावा, कारण ती उठली आणि हसली. ते हसणे शिकवणीतले नव्हते. मग हिने पिशवीतून भाजलेले बिबडे काढून तिच्या हातावर ठेवले. माझ्या-हिच्यामध्ये वाट आणि एक भिंत होती, त्यामुळे माझ्या वाट्याचा बिबडा त्या मुलीच्याच हाती आला. सबंध प्रवासात लिहिण्याजोगे घडले ते एवढे. आणि ते त्या दालनाच्या योजनेत कोठे बसत नव्हते, हे मुद्दाम नोंदवतो. खानदेशात पाहुणचार म्हणजे आग्रह, आणि आग्रह करायला समोर बरोबरीने बसावे लागते. गुडघे टेकून सेवा होते.

येथवर आलेल्या वाचकाला वाटेल की मी हे दालनच मोडीत काढायला निघालो आहे. तसे नाही. माझ्या ओळखीत जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव येथली कितीतरी वयस्कर जोडपी मुलांकडे अमेरिकेला जातात. मुलगी किंवा सून बाळंत होणार असते. बोलावणे टाळता येत नाही. सत्तरीच्या बाईने दोन आसनांच्या फटीत गुडघे दुमडून पंधरा तास काढायचे, स्वच्छतागृहास जायचे तर दोन झोपलेल्या परक्यांना ओलांडायचे, म्हणून आदल्या दिवसापासून पाणीच तोडायचे, हे मी घरात पाहिले आहे. पहिल्या खेपेस हिचे पाय उतरल्यावर चपलेत मावले नव्हते. चार तासांहून अधिक वेळ न हलता बसल्याने पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका जवळजवळ दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सांगितले. एकूण धोका लहानच, पण म्हाताऱ्या पायांना ते ऐकवून उपयोग काय? तेव्हा मुलीने आपली सहल रद्द करून आईला ते तिकीट काढून दिले, तर मी त्या मुलीला नाव ठेवणार नाही. त्या पैशात बाईचे पाय जमिनीला समांतर होतात, आणि बाकीचा तामझाम तिने मागितलेलाच नसतो. दोष आहे तो या जोडणीचा, की पाय पसरायचे असतील तर सोबत पडदा, भिंत, शँपेन आणि विशेषणेही विकत घ्यावी लागतात. जास्त जागा म्हणजे इंधनातला वाटाही मोठा, हे वेगळेच. तो हिशेब भोजनपत्रावर छापत नाहीत.

आमच्या भागात अजून तरी हा पडदा पोचलेला नाही. जळगावच्या विमानतळाचे उद्‌घाटन २०१२ साली जळगावच्याच प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले, त्या वेळी त्या राष्ट्रपती होत्या. तेथून जी प्रवासी विमाने पुढे सुरू झाली ती पंख्यांची, लहान, एकाच वर्गाची. सत्तर माणसांच्या विमानात मागच्या दाराने शिडी चढून जायचे. शेजारी हमखास केळीचा बागाईतदार, आणि भाव काय चालला आहे हे तो विमान धावपट्टीवर असतानाच सांगू लागतो. खिडकीतून तापी दिसते. लेखकाला याहून अधिक काय हवे?

आणि एक गोष्ट आपल्या प्रवासवर्णनकारांच्या ध्यानात आलेली नाही. धुळ्याजवळ गोंदूरला आणि शिरपूरला विमान चालवायला शिकवतात. सकाळी शेतात पाणी धरणाऱ्याच्या डोक्यावरून ती छोटी विमाने घिरट्या घालतात, ती मी पाहिली आहेत. तेथे शिकलेल्या मुलामुलींपैकी कोणी ना कोणी उद्या त्या लांब पल्ल्याच्या विमानात, बिझनेस क्लासच्याही पुढे असलेल्या बंद दारामागे बसेल. तेथे काच काळवंडत नाही. तेथे शेजारी हटवता येत नाही, नियमानेच दोघे लागतात. रात्रभर ती दोघे काय बोलतात, उत्तरेकडच्या बर्फावर उजाडताना काय दिसते, डब्यात काय असते, हे मराठीत कोणी लिहिले तर त्या अंकाची मी आगाऊ मागणी नोंदवीन.